पिनकोड शोधताना: वर्गणीदारांची यादी सांभाळणाऱ्या बाईच्या युक्त्या

दिवाळी अंक छापून आला की संपादकांचं काम संपतं आणि माझं सुरू होतं. साताऱ्यातून निघणाऱ्या एका छोट्या त्रैमासिकाच्या वर्गणीदारांची यादी मी सांभाळते. वाचक कोकणात आहेत, मराठवाड्यात आहेत, गोव्यात, बेळगावात, इंदुरात आहेत. मुलांकडे परदेशी गेलेले चार-दोन आहेत. पत्ते येतात व्हॉट्सॲपवर, वर्गणीच्या पावतीमागे पेन्सिलीनं लिहून आणि फोनवरून, "घ्या ताई लिहून" म्हणत. बऱ्याच पत्त्यांना पिनकोड नसतो. ज्यांना असतो त्यांच्यातलेही काही चुकीचे असतात, कारण माणसं पिनकोड आठवून सांगतात आणि आठवणीत शेवटचे दोन आकडे हटकून उलटे होतात.

हे सगळे पत्ते मी डाक खात्याच्या संकेतस्थळावरच्या पिनकोड शोधात आणि सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर मिळणाऱ्या पिनकोडच्या फाइलीत तपासते. दोन्ही फुकट आहेत. वाचकांपैकी कोणी लग्नपत्रिका पाठवतं, कोणी घरगुती मसाले, कोणी पुस्तकं. त्यांनाही याचा उपयोग व्हावा म्हणून माझी पद्धत लिहून काढते आहे.

ही यादी कशाची आहे?

सगळी मेख इथे आहे. पिनकोडची यादी गावांची नाही, घरांची नाही, सोसायट्यांची तर नाहीच. ती डाकघरांची यादी आहे. फाइलीतली एक ओळ म्हणजे एक डाकघर. देशात दीड लाखाहून जास्त डाकघरं आहेत आणि पिनकोड आहेत एकोणीस हजारांच्या आसपास. म्हणजे एका पिनकोडखाली सरासरी आठेक डाकघरं येतात. महाराष्ट्रात गावं चाळीस हजारांहून जास्त आहेत आणि प्रत्येक गावाला काही पोस्ट नाही. तेव्हा गावाचं नाव टाकलं आणि काही सापडलं नाही, तर गाव नाही असा अर्थ होत नाही. त्या गावाच्या नावाचं पोस्ट नाही, एवढाच होतो.

आपल्या पत्त्यांत हा फरक पूर्वीपासून लिहिलेला असतो, फक्त आपण तो वाचत नाही. गावात पोस्ट असेल तर 'मु.पो.' आणि पुढे गावाचं नाव. नसेल तर 'मु.' अमुक, 'पो.' तमुक. शोधायचं असतं ते 'पो.'च्या पुढचं नाव. पण अलीकडे सगळेच सवयीनं 'मु.पो.' लिहितात, वाडीवरचे सुद्धा. अशा वेळी फोन करून मी "तुमचा पिनकोड काय?" असं विचारत नाही, त्याला उत्तर मिळतं ते तालुक्याच्या गावाचं. "तुमचं टपाल कुठल्या पोस्टातून येतं?" असं विचारते. याचं उत्तर घरातल्या आजीलाही पाठ असतं. आणि ते नाव यादीत सापडतंच.

डाकघरांच्या तीन पायऱ्या असतात: मुख्य, उप आणि शाखा. यादीत नावापुढे इंग्रजीत एचओ, एसओ किंवा बीओ असं लिहिलेलं असतं. खेड्यातलं शाखा डाकघर ज्या उपडाकघराच्या हिशेबाला जोडलेलं असतं, त्याचाच पिनकोड सहसा शाखेला असतो. म्हणून एकच क्रमांक पंधरा-वीस खेड्यांना लागलेला दिसला तर घाबरू नका, ते बरोबर आहे. दुसरा एक रकाना असतो: तिथून टपाल वाटलं जातं की नाही. शहरातली बरीचशी छोटी पोस्टं फक्त टपाल घेतात, वाटत नाहीत. 'डिलिव्हरी' लिहिलेली ओळ धरा, 'नॉन-डिलिव्हरी'ची सोडा.

आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसानं. केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात ते अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे कवी होते. सारख्या नावांची गावं, चुकीचे पत्ते आणि वेगवेगळ्या भाषांतली लिपी, हे तेव्हाचं दुखणं होतं. माझ्या टेबलावर आजही तेच तीन प्रकार येतात, म्हणून या गृहस्थांबद्दल मला विशेष आपुलकी आहे.

पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. पहिले दोन ४० ते ४४ असतील तर महाराष्ट्र किंवा गोवा. गोव्याचे ४०३ पासून सुरू होतात. पहिले तीन आकडे टपाल वर्गवारीचा जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन त्यातलं वाटप करणारं डाकघर. इतकं शाळेतही शिकवतात.

पुढचं शिकवत नाहीत. हा वर्गवारीचा जिल्हा आणि कलेक्टरचा जिल्हा एकच असतो असं नाही. ४१५ म्हणजे सातारा असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. पण रत्नागिरी ४१५६१२ आहे, चिपळूण ४१५६०५ आहे आणि सांगली जिल्ह्यातलं विटं ४१५३११. उलट आमच्याच जिल्ह्यातलं वाई ४१२८०३, पाचगणी ४१२८०५, महाबळेश्वर ४१२८०६. यांचं आकड्यांचं नातं पुण्याकडे. बारामती ४१३१०२ आणि दौंड ४१३८०१, जिल्हा पुणे, पण आकडे सोलापूरकडचे. ४१६ मध्ये कोल्हापूर, सांगली शहर आणि सावंतवाडी एकत्र नांदतात. ४३१ मध्ये छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी आणि नांदेड. तेव्हा "जिल्हा पुणे आणि पिन ४१३? चुकलंय वाटतं" असं म्हणून बरोबर पत्ता 'दुरुस्त' करू नका. आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत मदतीला येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगते, कारण हुशार मुलं हीच दुरुस्ती करतात.

जिल्हा टाकून शोध अरुंद करण्याची सोय असते, ती म्हणून जपून वापरा. आधी जिल्हा न टाकता नाव टाका. वीस-पंचवीस ओळी आल्या तर मग जिल्हा लावा.

९ पासून सुरू होणारे पिनकोड सैन्याच्या टपालाचे. सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे नावाचं गावच आहे, तेव्हा आमच्या यादीत 'द्वारा ५६ एपीओ' किंवा 'द्वारा ९९ एपीओ' (एपीओ म्हणजे सैन्याचं पोस्ट) असे पत्ते असणारच. ते गावाच्या नावानं शोधायचे नसतात. तो जवान कुठे आहे ते कळू नये यासाठीच ती पद्धत आहे. युनिटचं नाव, एपीओ आणि पिन, जसं दिलं तसं उतरवून घ्या. त्याला शहराचं नाव चिकटवण्याचा मोह टाळा.

एकाच नावाची गावं

इथे थोडं रेंगाळते, कारण परत येणाऱ्या अंकांमागे हे कारण फार वेळा असतं.

कर्जत दोन आहेत: रायगडमधलं ४१०२०१ आणि अहिल्यानगर जिल्ह्यातलं ४१४४०२. खेड म्हटलं की रत्नागिरीकर ४१५७०९ समजतो आणि पुणेकर राजगुरुनगर समजतो, ४१०५०५. कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे, ४१३५०७. यवतमाळ जिल्ह्यात आहे, ४४५४०१. आणि पुण्यात मंचरजवळ आहे ते वेगळंच. सेलू परभणीत ४३१५०३, सेलू वर्ध्यात ४४२१०४. कारंजा लाड वाशिममध्ये, कारंजा घाडगे वर्ध्यात. आष्टी बीडमध्येही आहे आणि वर्ध्यातही. शिरूर तर तालुक्याची गावं म्हणूनच तीन: पुण्याचं, बीडचं शिरूर कासार आणि लातूरचं शिरूर अनंतपाळ. वडगाव, पिंपरी, पिंपळगाव, नांदगाव यांची तर मोजदाद करायला बसूच नये.

उपाय साधा आहे. अशा नावांत दोन शब्दांपैकी दुर्मीळ शब्द टाकून शोधायचा. वडगाव निंबाळकर हवं असेल तर 'निंबाळकर' टाका. शिरूर अनंतपाळ हवं तर 'अनंतपाळ'. पत्त्यातला जो शब्द तुम्हाला सगळ्यात कमी वेळा ऐकू आला आहे तोच शोधाच्या चौकटीत जायला हवा. लोक उलट करतात. पूर्ण पत्ता, 'मारुती मंदिराच्या मागे'सकट, चौकटीत ओततात आणि "काही सापडत नाही हो" म्हणतात. जास्त शब्द टाकले म्हणजे यंत्राला जास्त कळेल, असं नसतं. त्याला प्रत्येक शब्द जुळवावा लागतो आणि मारुती मंदिर काही त्याच्या यादीत नाही.

बुद्रुक आणि खुर्दचं तंत्र वेगळं आहे. यादीत ते कधी पूर्ण शब्दात, कधी 'बीके' आणि 'केएच' असं, कधी कंसात, कधी बिनकंसात येतं. म्हणून ते टाकायचंच नाही. मुख्य नाव टाका, आलेल्या ओळींतून डोळ्यांनी निवडा. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रजचंही तसंच. नुसतं 'डिग्रज' टाकलं की सांगलीजवळची दोन्ही समोर येतात.

तालुकाच माहीत नसेल तर माझी आवडती वाट वेगळ्याच संकेतस्थळावरून जाते. महाभूलेखवर सातबारा बघायला जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावं लागतं. ही सगळी नावं मराठीत आहेत आणि महसूल खात्यात लिहितात तशी आहेत. सातबारा काढायचा नाही, फक्त यादी उघडून त्या तालुक्यात त्या नावाचं गाव आहे का एवढं बघायचं. मराठीतलं नेमकं नाव, बुद्रुक-खुर्दसकट, तिथे कळतं. केंद्र सरकारची स्थानिक स्वराज्य संस्थांची यादीही आहे. तिच्यात गावाच्या नावावरून शोधता येतं आणि तालुका-जिल्हा कळतो. शिवाय प्रत्येक गावाला वेगळा क्रमांक असल्यामुळे दोन वडगावं एकमेकांत मिसळत नाहीत.

स्पेलिंगची कटकट

पिनकोडच्या यादीतली नावं इंग्रजीत आहेत. ती कोणी, कधी, कोणत्या कानानं लिहून घेतली त्यावर स्पेलिंग ठरलेलं आहे. त्यात नियम शोधू नका. त्यापेक्षा स्पेलिंग कुठे कुठे हलतं ते माहीत करून घ्या आणि तेवढा भाग शोधातून गाळा.

'व' कधी व्ही तर कधी डब्ल्यू. नवी मुंबईचं वाशी व्हीनं लिहितात, ४००७०३. धाराशिव जिल्ह्यातलं वाशी डब्ल्यूनं, ४१३५०३. मराठीत अक्षर न अक्षर सारखं असलेलं गाव इंग्रजीत दोन टोकांना जाऊन बसतं. इथे या फरकाचा फायदा होतो, पण वडगावला तोटा होतो. म्हणून वडगाव शोधताना मी पहिलं अक्षर लिहीतच नाही, 'ए-डी-जी-ए-ओ-एन' एवढंच टाकते. शब्दाचा तुकडा शोधणारी चौकट असेल तर दोन्ही प्रकारची वडगावं येतात.

मधला 'ए' येतो-जातो: पिंपरीत दुसऱ्या 'पी'नंतर कधी जास्तीचा ए असतो, कधी नसतो, सांगवीतही तेच. दीर्घ ऊकार कधी यू तर कधी दोन ओ. वर्ध्याचं सेलू दोन ओंनी लिहिलेलं सर्रास सापडतं. 'श'चा नुसता एस होतो. 'ळ'ला इंग्रजीत जागाच नाही, तो एल. शेवटी येणारं 'गाव' जी-ए-ओ-एन, जी-ए-व्ही किंवा जुन्या पद्धतीनं जी-ए-यू-एम असं काहीही असतं, तेव्हा लांब नावांत 'गाव' काढून त्याआधीचाच भाग टाका.

जिल्ह्यांच्या नावांतही हे आहे. २०११ च्या जनगणनेत बीड बी-आय-डी असं आहे, आणि रायगडचं स्पेलिंग छत्तीसगडच्या रायगढसारखं आहे. बुलढाणा एच असलेला आणि नसलेला, गोंदिया वाय असलेला आणि नसलेला. जिल्ह्याच्या रकान्यावर फिल्टर लावणार असाल तर आधी त्या रकान्यातली सगळी नावं एकदा उघडून नजरेखालून घाला. आपल्या मनातलं स्पेलिंग यादीवर लादायचं नाही.

गोव्याला तर वेगळा कान लागतो. डिचोली शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. तिथे बिचोलिम आहे. साखळीचं सँक्वेलिम, पेडण्याचं पर्नेम, केप्याचं क्वेपेम, काणकोणचं कॅनाकोना. पोर्तुगीज वळणाची ही नावं एकदा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. फोंडा मात्र दोन आहेत: गोव्यातलं ४०३४०१, आणि सिंधुदुर्गातलं फोंडाघाट. एखाद्या वाचकानं नुसतं 'फोंडा' लिहिलं आणि मालवणी आडनाव असलं की माझा हात लेबल काढताना थांबतो.

राज्याबाहेर गेलात की पहिला आकडाच बदलतो. बेळगाव ५९०००१, निपाणी ५९१२३७, बडोदं ३९०००१. इंदूर मात्र ४५२००१, आपल्याच चौथ्या विभागात.

जुने पत्ते

ज्येष्ठ वर्गणीदार 'मुंबई २८' किंवा 'पुणे ३०' असं लिहितात आणि त्यात काही चूक नसते. पिनकोडच्या आधी मोठ्या शहरांत टपालाचे असे विभाग होते आणि नव्या क्रमांकात ते शेवटी बसवले. मुंबई २८ म्हणजे ४०००२८, दादर पश्चिम. दादर पूर्व १४, म्हणजे ४०००१४. पुणे ३० म्हणजे ४११०३०, त्यात सदाशिव आली, नारायण आली. शुक्रवार पेठ २, कसबा ११. नुसतं 'दादर' किंवा नुसतं 'पेठेत' असं लिहिलेल्यांपेक्षा हे जुने लोक मला परवडतात.

जिल्हे फुटले तिथेही लक्ष ठेवा. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, पण वसईकर अजून 'जि. ठाणे' लिहितात, पिन ४०१२०१ होता तो तसाच आहे. नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून निघाला आणि वाशिम त्याच वर्षी अकोल्यातून. हिंगोली १९९९ मध्ये परभणीतून, गोंदिया त्याच वर्षी भंडाऱ्यातून. जुन्या रजिस्टरातला पत्ता शोधताना जिल्हा जुळला नाही तर आधी हे आठवा. आणि अहमदनगर-अहिल्यानगर, उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर या जोड्यांत यादीत जुनं नाव असू शकतं किंवा नवं असू शकतं. दोन्ही टाकून बघायची. औरंगाबाद टाकलंत तर बिहारचं औरंगाबादही मध्ये येईल, तेव्हा राज्याचा रकाना तपासायचा. नाव बदललं म्हणून पिनकोड बदलत नाही, हे मात्र बरं आहे.

नवी मुंबई हा आणखी एक चकवा. नेरुळ ४००७०६ आहे पण खारघर ४१०२१०, आणि दोन्ही ठिकाणचे लोक पत्त्यात 'नवी मुंबई' लिहितात. मीरा रोडचे लोक 'मुंबई' लिहितात. ४०११०७, जिल्हा ठाणे. शहरात राहणाऱ्यांनी लिहिलेल्या शहराच्या नावावर विश्वास ठेवू नका, पोस्टाचं नाव विचारा.

फाइल उतरवून घेतलीत तर

दहा-वीस पत्ते असतील तर संकेतस्थळावर एकेक शोधा. त्याहून जास्त असतील तर पूर्ण देशाची फाइल उतरवून घ्या. एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये ती उघडते. उघडायला वेळ घेते, तोवर चहा टाकता येतो. उघडली की आधी राज्यावर फिल्टर लावून महाराष्ट्र आणि गोवा वेगळ्या पानावर काढून ठेवा. मग सगळं हलकं चालतं.

डाकघराच्या रकान्यात नावामागे बीओ किंवा एसओ चिकटलेलं असतं, म्हणून तंतोतंत जुळवणी करू नका, 'हा मजकूर असलेले' असा फिल्टर लावा. आपल्या यादीतला पिन दोन तुकड्यांत लिहिलेला असेल, '४१५ ००१' असा, तर मधली जागा काढून टाका. व्हॉट्सॲपवर मराठी कळफलकानं लिहिलेले आकडे देवनागरी असतात. यंत्राच्या दृष्टीनं ते अनेकदा आकडेच नसतात, तेव्हा शोधण्याआधी ते इंग्रजी करून घ्या. शेवटी चिकटलेली रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही आणि जुळणी मात्र फसते. ट्रिम नावाचं सूत्र त्यासाठीच आहे.

एक्सेल येणाऱ्या लोकांना एक धोक्याची सूचना. पिनकोडवरून गाव शोधायला व्हीलुकअप लावाल तर ते त्या पिनखालची पहिली ओळ देतं आणि गप्प बसतं. पण एका पिनखाली आठ-दहा डाकघरं! तुमचा वर्गणीदार पाचव्या ओळीतल्या गावात राहतो आणि लेबलावर पहिल्या गावाचं नाव छापलं जातं. पिनवरून तालुका किंवा जिल्हाही असाच भरू नका. एकाच पिनची गावं दोन तालुक्यांत असलेली मी पाहिली आहेत. पिन आणि डाकघराचं नाव, दोन्ही मिळून जुळवा.

आणि तपासणी उलट्या बाजूनंही करा. नावावरून पिन सापडला की तोच पिन परत टाका आणि त्याखाली येणारी सगळी नावं वाचा. पत्त्यात लिहिलेली शेजारची गावं, रस्त्याचं नाव, तालुक्याचं गाव त्या यादीशी जुळतंय का बघा. शेजार जुळला तर पत्ता बरोबर. या एका सवयीनं परत येणाऱ्या अंकांचा गठ्ठा बराच पातळ झाला.

गूगलवर पिनकोड सांगणारी खासगी संकेतस्थळंही भरपूर मिळतात. त्यांतली बरीचशी जुन्या यादीच्या नकला आहेत. पटकन अंदाज घ्यायला ठीक; लेबल काढायला नाही. आणि "तुमची पत्त्यांची पूर्ण यादी चढवा, आम्ही पिन भरून देतो" असं म्हणणाऱ्या फुकट सोयींपासून लांब राहा. त्या यादीत लोकांची नावं, घरं आणि फोन आहेत. ते आपल्याला मासिक पाठवण्यासाठी दिले होते, वाटायला नाही.

मे २०२५ मध्ये डाक खात्यानं दोन नव्या सोयी काढल्या. एक, आपण जिथे उभे आहोत त्या जागेचा पिनकोड नकाशावर सांगते. शहरात नव्या वसाहतीत राहणारा, पोस्टाचं नाव माहीत नसलेला तरुण वाचक असेल तर त्याला घरी बसून हेच करायला सांगते. मिनिटाचं काम आहे. दुसरी डिजिपिन, म्हणजे दहा चिन्हांचा संकेत. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीनं तो तयार झाला आणि साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन तो दाखवतो. रुग्णवाहिकेला उत्तम. पण त्यात गावाचं नाव नाही, माणसाचं नाव नाही आणि पिनकोडची जागाही तो घेत नाही. आमच्या भागाचे पोस्टमन अजून लेबलावरचं नावच वाचतात, तेव्हा मी तो रकाना रिकामा ठेवला आहे.

परदेशातले पत्ते थोडक्यात. ब्रिटनच्या टपाल खात्याचा शोध आपल्या उलट चालतो. तिथे एक पोस्टकोड म्हणजे सरासरी पंधरा घरं, म्हणून घर क्रमांक आणि पोस्टकोड एवढंच टाका, रस्ता तो स्वतः सांगतो. अमेरिकेत रस्ता, शहर आणि राज्य टाकलं की पाच आकड्यांचा झिप आणि पुढचे चार आकडे मिळतात. अपार्टमेंटचा क्रमांक विसरलात तर पत्ता इमारतीपर्यंतच पोचतो. दोन्हीकडे यंत्र जसा पत्ता लिहून दाखवतं तसाच लेबलावर उतरवायचा, आपली सुधारणा करायची नाही.

शेवटचं काम रजिस्टरातलं. प्रत्येक पत्त्यापुढे मी दोन छोटे रकाने ठेवते: पिन कुठून तपासला आणि कधी. 'फाइल', 'संकेतस्थळ', 'फोन', 'पोस्टमन' यांपैकी एक शब्द आणि महिना. अंक परत आला तर पाकिटावरचा शेराही तिथेच उतरवते, कारण 'पत्ता अपुरा' आणि 'गाव सोडून गेले' यांचं औषध वेगळं आहे. पहिल्याला पुन्हा यादीत शोधायचं. दुसऱ्याला यादीत शोधून उपयोग नाही, फोनच करायचा.